चंचीतलं कानकोरणं

आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या चंचीत सुपारी, कात, चुनाळू आणि अडकित्ता असायचा. त्याच्या जोडीला एका कडीत ओवलेलं दातकोरणं आणि कानकोरणं. बहुतेकांचं पितळेचं, हौशी माणसाचं चांदीचं. टोकाला मोहरी मावंल एवढी वाटी. पारावर बसलं की गप्पा मारता मारता म्हातारे कान कोरायचे आणि डोळे मिटायचे. त्यात सुख होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

ज्याच्याकडं हे नसंल तो बाजारची वाट बघायचा. भोकरदन तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी लोटते. तिथं लाल पागोट्याचा कान साफ करणारा बसायचा. पागोट्यात सळई खोवलेली, डबीत कापूस आणि तेल. काहींचा हात खरंच हलका होता. काही मात्र बोटात लपवलेला खडा कानातून काढल्यासारखा दाखवायचे अन् जास्तीचे पैसे घ्यायचे, असं म्हातारेच हसून सांगायचे.

हा उद्योग लई जुना आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग सांगितलेत, त्यात कर्णगूथ म्हणजे साठून घट्ट झालेला मळ आहे. उपायाचा क्रमही दिलाय. आधी तेलानं भिजवायचा, शेकानं सैल करायचा, मगच वैद्यानं सळईनं काढायचा. आपल्याकडं सळई तेवढी राहिली. भिजवणं, थांबणं आणि वैद्य, तिन्ही गळाले.

त्याची किंमत माझ्या थोरल्या चुलत्यांनी मोजली. 1972 चा दुष्काळ. विहिरी आटल्या, सगळं गाव खडी फोडायला. दिवसभर धूळ अन् घणांचा आवाज. बऱ्याच दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्यांच्या कानाला दडा बसला. पाण्यानं आतला मळ फुगतो, म्हणून असं होतं. त्यांनी काडीपेटीतली काडी घातली. शेजारच्या पोराचा कोपराला धक्का लागला. रक्त आलं, पुढं कान फुटला आणि वाहायला लागला. कोणी लसणाचं कढत तेल घातलं, कोणी पाल्याचा रस. दुसरा कान आधीच मंद होता. मुकादम हजेरी घ्यायचा, यांना नाव ऐकू जायचं नाही, खाडा पडायचा. त्या साली खाडा म्हणजे घरात त्या दिवसाचं धान्य नाही. मग मी बारा वर्षांचा पोरगा त्यांच्याजवळ उभा राहायचो आणि नाव आलं की त्यांचा हात वर करायचो.

पुढं कानाच्या डॉक्टरांकडून कळलं की ज्याला आपण मळ म्हणतो ती कानाची राखण आहे. धूळ, किडा त्या चिकटात अडकतो. कानातली कातडी आतून बाहेर सरकत असते, जेवताना-बोलताना जबडा हलतो, त्यानं तो आपोआप बाहेर येतो. काडी घातली की तोच मळ आत पडद्यापाशी ठासला जातो, बारदान्यात कापूस ठासावा तसा.

दडा बसला तर कुशीवर निजून अंगाइतक्या कोमट खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब, पाचेक मिनिटं तसंच पडून राहायचं. दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. पहिल्या दिवशी दडा वाढल्यासारखा वाटतो, त्याला घाबरू नये. बाहेर आलेलं फडक्यानं पुसायचं. पण कान ठणकत असंल, वाहत असंल, पडद्याला कधी भोक पडलेलं असंल तर थेंबभरही घालू नये. आठवड्यात मोकळा झाला नाही तर डॉक्टर कोमट पाण्यानं धुतात किंवा यंत्रानं ओढून काढतात. गार पाणी मारलं तर गरगरतं. आणि एकाएकी ऐकू येईनासं झालं तर मळच असंल म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी निघावं.

आता चंची गेली, पागोटंवालाही क्वचित दिसतो. कापसाच्या काडीचा जमाना आलाय. ती 1923 च्या सुमारास अमेरिकेत लिओ गर्स्टनझँग नावाच्या माणसानं काढली. बायको बाळासाठी दातकोरणीला कापूस गुंडाळते हे बघून त्याला सुचलं म्हणतात. आमच्या रानात कापूस पिकतो अन् आम्ही तो काडीला लावून परत विकत घेतो. परवा नातवानं पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, ही काडी कानाच्या आत घालू नये.