पँथर आला, बालवाडी राहिली

नागसेनवनाचं काळ्या अमेरिकेशी नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं आणि निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. पुढे मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तिथल्या काळ्या लेखकांची ओळख इथल्या तरुणांना करून दिली. प्रा. गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघालं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. साहित्य आलं, नाव आलं, त्वेष आला. पण त्याच काळ्या अमेरिकेत त्याच वर्षांत तीन ते पाच वर्षांच्या लेकरांच्या वर्गावरून एक मोठी लढाई झाली होती. ती आपल्याकडे फारशी कुणी सांगितली नाही. आम्हाला ती आज सांगायची आहे, कारण आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीचा प्रश्न त्या लढाईशेजारी ठेवला की नीट दिसतो.

आपली चळवळ शिक्षणाबद्दल बोलते तेव्हा विषय असतो वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा, फेलोशिपचा, प्राध्यापक भरतीतल्या आरक्षणाचा. हे सगळे प्रश्न खरेच आहेत. पण गाळणी लागते ती फार आधी. एक पोर तिसऱ्या वर्षी नर्सरीत जातं, रंग, आकडे, गोष्टी, दोन भाषा शिकून पहिलीत येतं. दुसरं वाळूजच्या कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्या आईच्या मागे थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढतं आणि थेट पहिलीत येतं. दोघांची ‘गुणवत्ता’ मग एकाच परीक्षेने मोजतात. थोरल्या बहिणीची शाळा त्या कडेवरच्या भावापायी सुटलेली असते, तिचा तर हिशेबच कुणी मांडत नाही.

आता मिसिसिपीकडे जाऊ. १९६४ मध्ये अमेरिकेने गरिबीविरोधी कायदा केला. त्यात एक अट होती: गरिबांसाठीचे कार्यक्रम गरिबांच्या जास्तीत जास्त सहभागाने चालवायचे. त्याच कायद्याच्या आधाराने १९६५ च्या उन्हाळ्यात ‘हेड स्टार्ट’ सुरू झालं. गरीब घरांतल्या, अजून शाळेत न गेलेल्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग, जेवण, डॉक्टरची तपासणी. पहिल्याच उन्हाळ्यात साडेपाच लाखांहून जास्त मुलं आली.

मिसिसिपी हे तेव्हा कसलं राज्य होतं? फॅनी लू हेमर या मळ्यावरच्या मजूर बाईने १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायचा प्रयत्न केला, तर त्याच दिवशी मालकाने तिला मळ्यावरून हाकललं. सार्वजनिक शाळांत बालवर्ग नव्हतेच. त्यांची तरतूद त्या राज्याने थेट १९८२ च्या कायद्याने केली. अशा राज्यात काळ्या कार्यकर्त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ‘चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी’ ही संस्था काढली आणि एका उन्हाळ्यात ८४ केंद्रं उभी केली. सुमारे सहा हजार मुलं. चर्चमध्ये, जुन्या इमारतींत, लोकांनी स्वतः डागडुजी केलेल्या खोल्यांत. पैसा वॉशिंग्टनहून यायचा, पण राज्याच्या गव्हर्नरला असं अनुदान अडवायचा अधिकार होता. म्हणून तो मेरी होम्स या काळ्यांच्या महाविद्यालयामार्फत आणला, कारण उच्च शिक्षणसंस्थेला मिळणारं अनुदान गव्हर्नरला अडवता येत नव्हतं. कायद्यातली फट शोधून आपलं काम पुढे नेणं हे बाबासाहेबांच्या लेकरांना समजावून सांगायला नको.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या वर्गांत शिकवायला कोण होतं? कापूस वेचणाऱ्या आणि गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका. त्यांना पगार मिळायचा आणि तो कापसाच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त होता. मतदार यादीत नाव घातलं, मोर्चात गेली, म्हणून गोरा मालक तिला आता उपाशी मारू शकत नव्हता. केंद्राची समिती वस्तीची, स्वयंपाक वस्तीचा, निर्णय वस्तीचा. पोरं मातीत खेळत अक्षरं शिकत होती आणि आया सभा चालवायला शिकत होत्या.

हे गोऱ्या सत्तेला लगेच कळलं. सिनेटर जॉन स्टेनिस अनुदान ठरवणाऱ्या समितीत वजनदार होते. हिशेबात घोटाळा आहे, सरकारी पैशावर नागरी हक्कांचं आंदोलन चालतंय, अशी ओरड त्यांनी सुरू केली. पैसा थांबला. मग फेब्रुवारी १९६६ मध्ये ४८ लहानगी मुलं आणि त्यांच्या बाई बसने वॉशिंग्टनला गेल्या आणि प्रतिनिधिगृहाच्या शिक्षण समितीच्या दालनातच वर्ग भरवला. पैसा मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने पुन्हा हात आखडला आणि ‘मवाळ’ लोकांची दुसरी संस्था समोर उभी केली. देशभर निषेध झाल्यावर थोडं अनुदान परत आलं, पण १९६८ पर्यंत मूळ संस्था संपली. आपल्यातल्याच दुसऱ्या गटाला पुढे करून पहिला गट संपवायचा, हा डाव आपल्यालाही नवा नाही.

संस्था संपली, तरी मागे काही उरलं. हेड स्टार्टच्या नियमांत आजही केंद्र चालवणाऱ्या धोरण समितीत बहुमत पालकांचं असावं लागतं. शिक्षक नेमण्यापासून अंदाजपत्रकापर्यंत त्यांचा आवाज चालतो. चार वर्षांच्या मुलांचा वर्ग वीसपेक्षा मोठा नको आणि त्यात दोन मोठी माणसं हवीत. २००७ च्या कायद्याने देशातल्या निम्म्या हेड स्टार्ट शिक्षकांकडे पदवी असावी असं ठरवलं.

ब्लॅक पँथरचंही तेच. आपल्याला त्यांचे काळे जाकीट आणि बंदुका आठवतात. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये त्यांनी शाळकरी मुलांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि वर्षभरात तो कितीतरी शहरांत पोचला. एफबीआयच्या हूव्हरला या नाश्त्याची बंदुकांइतकीच धास्ती वाटली. पुढे पँथरची स्वतःची शाळा एरिका हगिन्स यांच्या देखरेखीखाली १९८२ पर्यंत चालली. त्यात अडीच वर्षांची मुलंही होती.

दलित पँथरला ही उसंत मिळाली नाही हे खरं आहे. बहिष्कार, बलात्कार, खून, वरळीची दंगल, कोर्टकचेऱ्या यांतच तिची मोजकी वर्षं गेली. पुढे मराठवाड्यात १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं नामांतराने घेतली, घरं जळाली, माणसं गेली. त्या पिढीला बालवाडी का काढली नाही असं विचारणं कृतघ्नपणाचं ठरेल. कितीतरी बुद्धविहारांत बालवाड्या चालल्या, काही आजही चालतात. त्या एखाद्या शिकलेल्या ताईच्या जिद्दीवर चालतात, चळवळीचा कार्यक्रम म्हणून नाही, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे.

बालसंगोपन हा ‘मऊ’ विषय, हे आपल्या परंपरेत कधीच नव्हतं. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीला भुकेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली आणि आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं असल्याने त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा असं मांडलं. मजूरमंत्री म्हणून १९४३ मध्ये खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाची दुरुस्ती त्यांनीच आणली.

‘अंगणवाडी’ची कल्पना महाराष्ट्रातलीच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. दलित-आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या वाड्यातल्या अंगणात न्यायची, असा तो विचार. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. (माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर काढलं तेही सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत. आपल्याकडे ‘माँटेसोरी’ ही पाटी कुठल्या कॉलन्यांत लागते ते पाहा.) पण बोर्डीत काय आणि पुढे सरकारी योजनेत काय, अंगण आपलं आणि निर्णय दुसऱ्याचा, हे नातं बदललं नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तेव्हा देशात आणीबाणी होती. आज सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आकाराने जगात अशी योजना क्वचित असेल, हेड स्टार्ट तिच्यापुढे चिमुकलं आहे. शिवाय अमेरिकेचं फार कौतुक करायचंही कारण नाही. सगळ्याच मुलांना बालसंगोपनाची सोय देणारं विधेयक १९७१ मध्ये तिथल्या संसदेने मंजूर केलं आणि निक्सन यांनी नकाराधिकार वापरून ते मारलं. हेड स्टार्ट गरिबांपुरतं राहिलं, आणि गरिबांतल्याही सगळ्यांना पुरत नाही. आपल्या अंगणवाडीचं दार मात्र कागदावर सगळ्यांना उघडं आहे.

फरक पडतो तो वर्ग चालवणाऱ्या बाईच्या जागी. तिकडे पहिल्या दिवसापासून तिला पगार होता. इकडे तिला ‘सेविका’ म्हटलं आणि ‘मानधन’ दिलं. हे शब्द सहज आलेले नाहीत. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या काही जातींकडून सेवा फुकट घेतली, तिथे बाईच्या श्रमाला सेवा म्हटलं की मोबदल्याचा प्रश्नच मिटतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत असं सांगितलं. २०१८ मध्ये केंद्राने आपल्या बाजूचं मानधन तीन हजारांवरून साडेचार हजार केलं. त्याच २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्यावर अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा लावला आणि ओरड झाल्यावर थांबवला. म्हणजे संप करायला ती कर्मचारी, पगार मागायला स्वयंसेविका! २०२२ मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क न्यायालयाने मान्य केला. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनिसांना पन्नासहून जास्त दिवस संपावर बसावं लागलं. लसीकरण, वजनकाटा, आहाराची नोंद, मोबाइलवरचं ॲप, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, एवढं करून तिने शिकवायचं कधी?

सगळ्यात मोठा घाव मात्र संविधानात झाला, आणि तो फारसा कुणाला दिसला नाही. संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी हे कलम चर्चेला आलं. ‘शिक्षण’ या शब्दाजागी ‘प्राथमिक शिक्षण’ घाला अशी दुरुस्ती नझीरुद्दीन अहमद यांनी सुचवली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला दुसऱ्या कलमाने बंदी आहे, मग त्या वयापर्यंत ते मूल कुठल्यातरी शिक्षणसंस्थेतच असलं पाहिजे. त्यातून आलेलं कलम ४५ वाचा. चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, दहा वर्षांच्या आत. त्यात वरची मर्यादा आहे, खालची नाही.

ती खालची मर्यादा २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने घातली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना कलम २१-अ खाली मूलभूत हक्क मिळाला, त्याचा आपण आनंद साजरा केला. पण सहाच्या आतलं मूल मार्गदर्शक तत्त्वांतच ठेवलं: राज्य ‘प्रयत्न करील’. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकारला सोय ‘करता येईल’ एवढंच आहे. २०२० चं धोरण आता तिसऱ्या वर्षापासून पायाभूत शिक्षण सांगतं, पण धोरण घेऊन कोर्टात जाता येत नाही. ज्या वयात मेंदू सगळ्यात वेगाने घडतो असं सरकार स्वतः सांगतं, त्याच वयाला हक्काबाहेर ठेवलं. ज्यांच्याकडे नर्सरीची फी आहे त्यांचं यात काहीच बिघडलं नाही.

एक हत्यार मात्र हातात आहे आणि ते आपण जवळपास वापरलेलं नाही. पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाडी प्राधान्याने द्या, आणि पुरवठ्यात ठेकेदार आणू नका असं बजावलं. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात ‘मागणीनुसार अंगणवाडी’ आली: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. योजनेच्या निकषांतही ही तरतूद घेतली गेली. शिवाय २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा कायदेशीर हक्क दिला आहे.

म्हणून या शहरातल्या तरुणांना आमचं सांगणं आहे. चिकलठाणा, मुकुंदवाडी, वाळूज, भावसिंगपुरा, जिथे तुमची शाखा किंवा विहार आहे, तिथे एक रविवार घरोघर फिरा. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं नाव, वय आणि आईचं कामावर जायचं वेळापत्रक वहीत उतरवा. जवळची अंगणवाडी किती लांब आहे, तिला खोली आहे का, पाणी आणि संडास आहे का, ती किती वाजता बंद होते, हेही लिहा. आईची पाळी आठ तासांची आणि केंद्र दुपारपर्यंतच, तर ते मूल उरलेला वेळ कुणाकडे असतं तेही विचारा. त्या ताईंच्या युनियनला सोबत घ्या, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. यादीत चाळीस नावं झाली की आयांच्या सह्यांचा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. त्यात आणखी एक मागणी घाला: केंद्राच्या देखरेख समितीत निम्म्याहून जास्त जागा त्या वस्तीतल्या आयांच्या असाव्यात. अर्जाची पोच घ्या आणि त्या तारखेपासून तीन महिने मोजा.