संस्थेची ताई : एका मानधनाचा मागोवा

वेल्ह्याकडच्या एखाद्या रेशन दुकानासमोर पावसाळ्यात अर्धा तास उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : "मावशी, अंगठा उठत नाही." आवणीचे दिवस असतात. पंधरा दिवस चिखलात हात घालून भाताची रोपं लावलेली, बोटांच्या रेषा फुगून पुसट झालेल्या. पॉस मशीन तीनदा नाही म्हणतं आणि चौथ्यांदा रेंज जाते. "उद्या या," दुकानदार सांगतो. त्याच्या लेखी ते एक वाक्य. मावशीच्या लेखी एक ओढा, एक चढण आणि बुडालेली मजुरी.

अशा वेळी कधी कधी रांगेतून एखादी बाई पुढे होते. हातात पिशवी, पिशवीत वही. "ओटीपीनं होतंय का बघा. नाहीच झालं तर तसं लिहून द्या," असं ती दुकानदाराला सांगते. मावशीच्या कार्डाचा बारा आकडी नंबर ऑनलाइन चढलाय का, सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालंय का, हेही विचारून घेते. गावाच्या तोंडी ती 'संस्थेची ताई'. शहरात बसून कार्यक्रम आखणाऱ्यांच्या कागदावर ती 'फेलो', आणि तिला दरमहा जे काही मिळतं ती 'फेलोशिप'.

हा शब्द परका वाटतो, पण पुण्यात तो दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तो आला दक्षिणेच्या पाठीवर बसून. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केली, पेशव्यांनी ती पुण्यात आणून वाढवली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ती वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हा निधी हळूहळू शिक्षणाकडे वळवला. त्यातला काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा, असा अर्ज १८४९मध्ये सुधारकांनी केला. पुढे त्याच निधीतून कॉलेजात 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघंही दक्षिणा फेलो. मूळ पैसा मात्र मुख्यतः शेतसाऱ्याचा. मावळातल्या भातखाचरात राबणाऱ्याच्या वाट्याला त्या श्रावणातलं काहीच येत नव्हतं, उलट तोच महिना त्याची कणगी रिकामी असण्याचा.

रानड्यांच्या रूपानं हा फेलो पहिल्यांदा भुकेच्या प्रश्नाला भिडला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती मोठ्या लक्षवेधी रीतीनं. ९५ प्रतिनिधी आणि त्यांच्यामागे सहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रं. 'आमच्या वतीनं बोला' असं लोकांनी लिहून दिलेलं. १८७६-७७चा दुष्काळ पडला तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', आणि रानडे यांच्या सभेनं ठिकठिकाणाहून हकिकती मागवल्या, त्या सरकारपुढे मांडल्या आणि छापल्याही. नेमक्या त्याच वेळी सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली होती. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, जुन्या मापानं अर्धा शेर. त्यावर दगड फोडायचे. मजुरांनी कामं सोडली आणि सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली.

हा आकडा लक्षात ठेवावा. आज अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅमच्या आसपास. तेव्हाची ती पूर्ण मजुरी होती, आताची ही पुरवणी आहे. दोन्हींची थेट तुलना होत नाही. पण ग्रॅमवर भांडणारं माणूस लागतं, ही गरज तेव्हापासूनची.

त्याच दुष्काळात दुसरी एक वाट निघाली. सत्यशोधक समाजानं धनकवडीला बालाश्रम काढला, भुकेल्या पोरांना जेवू घातलं. एप्रिल १८७७मध्ये सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना दुष्काळाची हकीकत लिहून कळवली. सभेचा माणूस हकीकत गोळा करून सरकारला पाठवी. इथं हकीकत लिहिणारी बाई स्वतःच दुष्काळात पाय रोवून उभी होती. आज भोरकडे जाणारी एसटी ज्या धनकवडीवरून जाते, तीच ही धनकवडी.

वेल्ह्याशेजारच्या भोरशी या दुष्काळाचं आणखी एक नातं आहे, दगडाचं. दुष्काळावर उपाय म्हणून नीरेचा कालवा निघाला, १८८५मध्ये डाव्या कालव्यातून पाणी सुटलं आणि त्या पाण्यासाठी भोरजवळ भाटघरला वेळवंडीवर धरण बांधलं गेलं. १९२८च्या सुमारास त्याची जागा आजच्या उंच भिंतीनं घेतली. पाणी पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्याला मिळालं, खोऱ्याच्या वाट्याला काठ आला. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी अशी भर पडतच गेली. पावसाळ्यात ढगाखाली बुडालेल्या या डोंगरात उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं. त्यामुळे इथं अन्नहक्क म्हणजे नुसतं रेशन नाही. कुणाची खाचरं कुणाच्या उसासाठी गेली, हेही त्यातच येतं.

पुढचा टप्पा टिळकांचा. १८९६मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. यावेळी सरकारचीच एक नियमावली हाताशी होती, फॅमिन कोड. पीक बुडालं तर सारा तहकूब करता येतो, कामं काढावी लागतात, हे सारं त्यात होतं, पण इंग्रजीत. टिळकांच्या हाती आलेल्या सार्वजनिक सभेनं त्याचा मराठी सारांश छापला आणि तो वाचून दाखवायला आपले एजंट गावोगाव पाठवले. त्यांतले अच्युत सीताराम साठे ठाणे जिल्ह्यात सभा घेत होते. सरकारनं खटले भरले आणि १८९७मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारचाच कायदा लोकांना वाचून दाखवला, एवढाच गुन्हा. संस्थेच्या ताईचा खरा पूर्वज मला या एजंटात दिसतो. आज ती चावडीवर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ८ वाचते : धान्य दिलं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. कलम २८ वाचते : सामाजिक लेखापरीक्षण. कलम २९ : दक्षता समिती. कायदा २०१३चा, मराठीतही मिळतो, तरी वाचून दाखवणाऱ्याची गरज सरलेली नाही.

एजंट दुष्काळापुरता. कायमच्या कार्यकर्त्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न गोपाळ कृष्ण गोखल्यांनी घेतला. फर्ग्युसनमध्ये त्यांनी वीस वर्षं महिना ७५ रुपयांवर शिकवण्याचं व्रत घेतलं होतं. तोच साचा १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजात आला : जन्मभराचा सभासद, बेताचं मानधन, आधी पाच वर्षांचं शिक्षण आणि देश पाहणं. याच समाजाचे अमृतलाल ठक्कर भिल्लांच्या दुष्काळात गेले आणि तिथेच रमले. नेतृत्व घडवायचा इतका नेटका आराखडा आपल्याकडे आधी नव्हता. उणीव एकच, पण मोठी. सभासद पदवीधर, शहरी आणि बहुतेक वरच्या जातींतले. ज्याचं पोट रिकामं, तो या यादीत नव्हता.

ती उणीव भरून निघायला बराच काळ गेला. १९७२च्या दुष्काळानं सुकडी आणि मिलो ज्वारी पाहिली, महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतलेल्या बायका पाहिल्या, रोजगार हमी पाहिली. १९७४मध्ये हमाल पंचायतीनं पुण्यात 'कष्टाची भाकर' सुरू केली. बाबा आढावांच्या या केंद्रात ना नफा ना तोटा या हिशेबानं हमालाला पोटभर जेवण मिळू लागलं. धरणग्रस्तांच्या परिषदांतही बाबा होतेच. मग १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि मंडळींनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग लावले आणि त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. हेतू साधा : पूर्णवेळ कार्यकर्त्याला दरमहा मानधन. दक्षिणेला राजाचा खजिना लागला होता, इथं तिकीट काढून आलेला प्रेक्षक पुरला. २००८पासून मुंबईच्या 'कोरो'नं तळातल्या कार्यकर्त्यांसाठी फेलोशिप चालवली. दलित, आदिवासी, भटक्या वस्त्यांतल्या बाया-पुरुषांनीच आपल्या वस्तीचा प्रश्न घ्यायचा, सोबत एका स्थानिक संस्थेचा हात, असा तिचा बेत. यादी अखेर उलटली.

आता भोर-वेल्ह्यात कुणी अशी फेलोशिप आखायला बसलं, तर या वारशातून काय घ्यावं? वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, पण वाड्या त्याच आहेत. बचत गटांतून बोलायला, हिशेब ठेवायला शिकलेल्या बायका इथं आहेत. ज्ञान प्रबोधिनीनं या तालुक्यात ते काम बरीच वर्षं केलंय. माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

सार्वजनिक सभेकडून मुखत्यारपत्र घ्यावं. निवड मुलाखतीनं ठरली तरी शेवटची सही ग्रामसभेच्या ठरावाची असावी आणि कातकरी वस्तीत ती वस्तीच्या बैठकीची. टिळकांच्या एजंटाकडून वाचन घ्यावं : प्रशिक्षणाची पहिली परीक्षा वर्गात नको, चावडीवर, लाभार्थ्यांची यादी मोठ्यानं वाचून व्हावी. सावित्रीबाईंकडून पत्र घ्यावं. अहवालाचे छापील रकाने भरण्यापेक्षा महिन्याला एक पत्र, जे पाहिलं ते. गोखल्यांकडून मुदत घ्यावी, जन्मभराची नाही, पण एका वर्षाची तर नक्कीच नको. विभक्त शिधापत्रिकेच्या एका प्रकरणात तहसीलच्या पुरवठा शाखेत किती खेटे पडतात, हे ज्यानं ते घातलेत त्याला सांगावं लागणार नाही.

आणि वेळापत्रक भाताचं असावं. आवणीत शिबिर ठेवलं तर ताई येणार नाही, आली तर तिचं खाचर पडून राहील. आषाढ-श्रावणात शिबिर नको, नोंद हवी. नवं भात यायला दिवाळी उजाडते. तोवर कुणाच्या घरात दाणे आहेत, कुणाच्या चुलीवर नुसती भारंगी आणि कुर्डू शिजतेय, कोण खेकड्यांवर दिवस काढतंय, याची वही याच दोन महिन्यांत भरते. झोडणी उरकली, भात घरात आलं, की मग खुशाल आठवडाभर बसावं.

मानधनाच्या आकड्यावर शहरातल्या बैठकीत नेहमी अडतं. जास्त दिलं तर ती गावापासून तुटेल, कमी दिलं तर टिकणार नाही. रमण्यापासून 'लग्नाची बेडी'पर्यंत हा हिशेब चालूच आहे आणि आजवर तो देणाऱ्यानंच केला. तो एकदा ताईला करू द्यावा. वेल्ह्याच्या दुकानासमोर ती मावशीसाठी पुढे झाली, तेव्हा हातातली ती पिशवी तिच्या स्वतःच्या धान्याची होती. रांगेत तिचा नंबर मावशीच्या मागे दोन माणसं सोडून होता आणि अंगठा तिचाही उठायचा बाकी होता.