गाडीच्या आतले प्लास्टिक घरी रंगवताना घ्यायची काळजी

घरात लग्न निघाले किंवा जुनी गाडी विकायची ठरली की आतले ओरखडे डोळ्यांत खुपू लागतात. दाराच्या पॅनलवर चपलांच्या खुणा, गिअरजवळचा उडालेला रंग, उन्हाने पांढरा पडलेला डॅशबोर्ड. पोंभुर्ण्यासारख्या गावात गाडीच्या आतल्या कामाचा कारागीर सहज मिळत नाही. त्यासाठी चंद्रपूर गाठावे लागते. म्हणून अनेक जण हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचा डबा आणि थिनर आणून काम घरीच करतात.

हे काम घरी करता येते. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: रंगवायचा भाग गाडीतून बाहेर काढा, गाडीत बसून रंगवू नका. या कामातला बराचसा धोका एवढ्यानेच टळतो.

रंगाच्या वासात नेमके काय असते?

स्प्रेचा रंग आणि थिनर यांत टोल्युइन, झायलीन, अॅसिटोन अशी द्रावके असतात. ती लवकर उडतात, म्हणून रंग लवकर वाळतो. उडालेली वाफ श्वासातून फुप्फुसात, तिथून रक्तात आणि मग मेंदूत पोहोचते. वास घेतल्यावर डोके जड होते ते यामुळेच.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते आणि बंद जागेत साचते. गाडीची केबिन ही अशीच छोटी, बंद जागा आहे. एखादी काच उघडी ठेवली तरी पायाशी साचलेली वाफ लवकर निघत नाही.

त्रास कसा ओळखावा?

- सुरुवातीला: डोळ्यांची आग, घशात खवखव, डोकेदुखी, मळमळ, चक्कर.
- वाढल्यास: नशा केल्यासारखे वाटणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, छातीत धडधड.
- गंभीर: दम लागणे, ओठ निळे पडणे, शुद्ध हरपणे.

बरेच रुग्ण सांगतात, "डॉक्टर, नंतर तर वास येतच नव्हता." हीच फसगत आहे. नाक काही मिनिटांत वासाला सरावते, वाफ मात्र तेवढीच असते. वास कमी झाला म्हणजे धोका कमी झाला, असे समजू नका.

पीयू रंग आणि हार्डनर: वेगळी काळजी

दोन डब्यांतले पदार्थ एकत्र करून जो रंग किंवा क्लिअर कोट तयार होतो, त्याच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. त्यामुळे आधी दमा नसलेल्या माणसालाही दमा होऊ शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले, की पुढे थोड्याशा संपर्कानेही झटका येतो. खोकला आणि दम काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही सुरू होऊ शकतो. साधा मास्क इथे पुरत नाही. असे रंग घरी वापरू नका, ते काम योग्य साधने असलेल्या वर्कशॉपवर सोडा.

कोणी हे काम करू नये?

गरोदर महिला, लहान मुले, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेले, यांनी रंगवू नये आणि जवळ थांबूही नये. ताज्या रंगवलेल्या गाडीत त्यांना पहिले काही दिवस बसवू नका. गरोदर सुनेला तपासणीसाठी चंद्रपूरला न्यायचे असेल, तर त्या आठवड्यात हे काम काढू नका.

सुरक्षितपणे कसे करावे?

१. वेळ निवडा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात द्रावक झपाट्याने उडते आणि रंगही खरखरीत बसतो. पावसाळ्यात रंग वाळत नाही आणि माणूस दारे लावून काम करतो. हिवाळ्यातली कोरडी सकाळ सर्वांत बरी.

२. भाग सुटा करा. स्क्रू आणि क्लिप काढून पॅनल अंगणात आणा. चूल, शेगडी, विडी-सिगारेट आणि देवाजवळचा दिवा यांपासून लांब राहा. थिनरची वाफ जमिनीलगत सरकत जाऊन दूरच्या विस्तवावरही पेट घेऊ शकते.

३. धुऊन घ्या. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा आणि डॅशबोर्ड पॉलिश काढा. पॉलिशमधले सिलिकॉन राहिले तर रंग धरत नाही, पुन्हा घासावे लागते आणि पुन्हा वाफ नाकात जाते.

४. ओले घासा. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. भाग पूर्वी कधी रंगवलेला असेल तर कोरडे घासूच नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली आहे, पण गाड्यांचे रंग त्यात येत नाहीत.

५. पातळ हात मारा. आधी प्लास्टिकचा प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि तेवढा वेळ तिथून दूर जा. वारा पाठीकडून येईल असे उभे राहा.

६. योग्य मास्क लावा. रुमाल, कापडी मास्क किंवा एन-९५ रंगाची वाफ अडवत नाहीत. एन-९५ फक्त कण अडवतो. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. सोबत चष्मा आणि नायट्राइल हातमोजे घाला.

७. घाईने बसवू नका. हाताला रंग लागत नाही म्हणजे आतून वाळला, असे नाही. भाग दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर ठेवा. बसवल्यावर पहिले काही दिवस गाडी सुरू करण्यापूर्वी चारही दारे उघडून ठेवा आणि काचा खाली करूनच चालवा.

हे भाग रंगवू नका

स्टिअरिंगचा मधला भाग आणि 'एअरबॅग' असे लिहिलेले कोणतेही झाकण रंगवू नका, उघडूही नका. रंगाच्या थरामुळे एअरबॅग नीट न उघडण्याची किंवा तुकडे अंगावर उडण्याची भीती असते.

उरलेल्या थिनरचे काय?

थिनर पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. तहानलेले मूल तीच बाटली तोंडाला लावते. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. काही थिनरमध्ये मिथेनॉल असते. ते पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. स्प्रेचा डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

त्रास झाला तर

- वाफ लागली: लगेच मोकळ्या हवेत न्या, कपडे सैल करा, शांत बसवा. धावपळ करू देऊ नका. दमा असेल तर नेहमीचा इन्हेलर द्या.
- बेशुद्ध असेल: श्वास चालू असल्यास कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. वाचवायला स्वतः वाफेने भरलेल्या गाडीत वाकून राहू नका. आधी सगळी दारे उघडा.
- डोळ्यात गेले: साध्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा. चोळू नका.
- अंगाला लागले: थिनरने पुसू नका. खोबरेल तेल लावून मग साबणाने धुवा.
- पोटात गेले: उलटी करवू नका. उलटी होताना थिनर फुप्फुसात उतरतो आणि त्यातून गंभीर न्यूमोनिया होतो. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नका. डबा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात या. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

मूल वरून ठणठणीत दिसत असले तरी दाखवायला आणा. थिनर प्यायल्यानंतरचा खोकला आणि दम काही तासांनीही वाढतो, आणि आपल्याकडून चंद्रपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो. रात्र होण्याची वाट पाहू नका.

गूळ खाल्ल्याने रंग उतरतो का?

नाही. रंगकाम करणारे अनेक जण संध्याकाळी गूळ खातात किंवा दूध पितात. खायला हरकत नाही, पण रक्तात गेलेले द्रावक त्याने बाहेर पडत नाही. ते शरीराबाहेर पडते श्वासातून आणि यकृत-मूत्रपिंडांच्या कामातून. त्यासाठी हवी मोकळी हवा आणि विश्रांती.

काम संपल्यावर डोकेदुखी किंवा मळमळ मोकळ्या हवेत तासाभरात कमी झाली नाही, किंवा त्या रात्री खोकला आणि दम सुरू झाला, तर डॉक्टरांना दाखवा आणि कोणता रंग वापरला ते आवर्जून सांगा. तो डबा किंवा त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत असेल तर उपचार लवकर ठरवता येतात.