रोहिणी, शिर्यान, आर्टरी

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांत ताडकळस म्हणून एक गांव आहे. गेल्या हिंवाळ्यांत तेथल्या कांहीं विद्यार्थ्यांपुढें दोन दिवस बोलण्याचा योग मला आला. मुलें अकरावी-बारावीचीं, कोणाला डॉक्टर व्हावयाचें होतें, कोणाला परिचारिका, कोणाला औषधांचें दुकान काढावयाचें होतें. परभणीस २०२३ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून असल्या आकांक्षा या भागांत अधिक जवळच्या वाटूं लागल्या आहेत. माझा विषय इतिहास. वैद्यकाशीं माझा संबंध आला तो रोगी म्हणून किंवा रोग्याचा नातलग म्हणून. तरी त्यांच्या शिक्षकांनीं मला बोलावलें, कारण मुलांची अडचण विचारतां ती इतिहासाचीच निघाली. मराठी शाळेंत दहावीपर्यंत ज्या वाहिनीला हीं मुलें 'रोहिणी' म्हणत आलीं, तिला अकरावींत एकाएकीं 'आर्टरी' म्हणावें लागतें. हें नांव कोठून आलें, कां पडलें, हें सांगणारें कोणी नाहीं. म्हणून शेंकडों शब्द मंत्रासारखे घोकावयाचे. "सर, ज्याचा अर्थच ठाऊक नाहीं तें लक्षांत कसें ठेवावें?" असें एका मुलीनें मला विचारलें. त्या प्रश्नानें जो विचार सुरू झाला, तोच वाचकांपुढें ठेवीत आहें.

हा प्रश्न आजचा नाहीं. कलकत्त्यास १८२२ सालीं कंपनी सरकारनें देशी वैद्यांसाठीं विद्यालय काढलें, तेव्हां शिक्षण देशी भाषांतूनच द्यावयाचें असें ठरलें होतें. तेथला प्रमुख पीटर ब्रेटन यानें १८२५ सालीं एक शब्दसंग्रह छापून काढला. त्यांत शरीराच्या अवयवांचीं आणि वैद्यकांतील इतर बाबींचीं नांवें इंग्रजी, अरबी, फारशी, हिंदी व संस्कृत अशा पांच भाषांत मांडलीं आहेत. पुढल्याच वर्षीं मुंबईंत डॉक्टर जॉन मॅक्लेनन याच्या हाताखालीं तशीच एक शाळा निघाली, आणि तिच्यासाठीं त्यानें मराठींत पुस्तकेंही सिद्ध केलीं. मुंबईची शाळा १८३२ सालीं बंद झाली. कलकत्त्याची १८३५ सालीं बेंटिंकच्या हुकुमानें मोडली, व तिच्या जागीं इंग्रजींतून शिकविणारें महाविद्यालय उभें राहिलें. देशी भाषांत नव्या शास्त्राला शब्द नाहींत, ही तक्रार तेव्हांपासूनची. ब्रेटनचा पांच भाषांचा संग्रह छापून दहाच वर्षें झालीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या तक्रारीचें वजन किती धरावयाचें तें ज्याचें त्यानें ठरवावें.

मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें तें इंग्रजींतून. भाऊ दाजी लाड १८५१ सालीं तेथल्याच पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झाले. परंतु लहान गांवांतल्या दवाखान्यांना माणसें पुरवावयाचीं, तर इंग्रजी शिकलेल्या मूठभरांवर भागेना. म्हणून १८६१ सालीं त्याच कॉलेजांत मराठी व गुजराथी वर्ग उघडावे लागले. मराठी वर्गांत शिकविणाऱ्यांपैकीं डॉक्टर सखाराम अर्जुन हे पुढें वैद्यकावरील मराठी ग्रंथांचे लेखक म्हणून प्रसिद्धीस आले. पुण्यास १८७८ सालीं वैद्यकाची निराळी शाळाही झाली. म्हणजे मराठींतून वैद्यक शिकवितां येत नाहीं असें जे आज ठांसून सांगतात, त्यांच्या पणज्यांना कदाचित् मराठींतून शिकलेल्याच डॉक्टरनें औषध दिलें असेल.

पण ताडकळसच्या मुलाच्या पणजोबाला यांतलें कांहींच मिळालें नाहीं, कारण हा मुलूख निजामाचा. हैदराबादेस १८४६ सालीं वैद्यकाची शाळा निघाली, तीत उर्दूंतून शिकवीत. पुढें १९१७ सालीं निजाम मीर उस्मान अली खान यांनीं उर्दू माध्यमाच्या विद्यापीठाचें फर्मान काढलें, आणि दुसऱ्याच वर्षीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा एवढा मोठा व एवढा सधन प्रयोग हिंदुस्थानांत त्यापूर्वीं झाला नव्हता. ग्रंथ हवेत म्हणून 'दारुत्तर्जुमा', म्हणजे भाषांतराचें खातें, १९१७ सालींच उघडलें होतें. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. गणित, पदार्थविज्ञान, कायदा, वैद्यक, अशा विषयांचे ग्रंथ तेथें उर्दूंत उतरले. निजामाच्या राजवटीविषयीं मराठवाड्याच्या माणसाच्या मनांत जें कांहीं असावयाचें तें माझ्याही मनांत आहे. पण या कामाची थोरवी नाकारणें म्हणजे इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल.

अडचण दोन ठिकाणीं होती. राज्यांतली बहुतेक प्रजा तेलुगु, मराठी किंवा कानडी बोलणारी; तिच्या दृष्टीनें उर्दू ही इंग्रजीइतकी दूरची नसली, तरी घरची नव्हती. परभणीच्या मराठी मुलाला दुय्यम शाळेंतच भाषा बदलावी लागे, आणि वैद्यकापर्यंत पोंचणारा तो एखादा 'शिर्यान' म्हणजे रोहिणी, 'वरीद' म्हणजे नीला, 'तिहाल' म्हणजे पानथरी असें पाठ करी. दुसरी अडचण उर्दूभाषकांचीही होती. 'शिर्यान' आणि 'वरीद' हे अरबी शब्द दिल्ली-लखनौच्या बाजारांतल्या माणसाला तरी कोठें कळत होते? दारुत्तर्जुमांत याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. परिभाषा शुद्ध अरबी असावी असें म्हणणारा एक पक्ष होता. वहीदुद्दीन सलीम यांनीं मात्र १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'वज़ए इस्तिलाहात' या ग्रंथांत उर्दूच्या स्वतःच्या घडणीप्रमाणें, हिंदी प्रत्ययांनाही हातीं धरून, शब्द बनवावे असा आग्रह धरला. मला स्वतःला सलीमसाहेबांचें म्हणणें पटतें.

गंमत अशी कीं, ज्यांना आपण आज परके म्हणतों अशा कितीतरी शब्दांना मराठी खेड्यानें केव्हांच घरांत घेतलें होतें. तब्येत, सर्दी, जखम, मलम, जुलाब, लकवा, इलाज, दवाखाना, हे शब्द ताडकळसच्या कोणत्याही म्हातारीच्या तोंडीं आहेत. त्यासाठीं तिला फर्मानाची गरज पडली नाहीं. लोक शब्द घेतात ते गरजेनें. फर्मानानें दिलेला शब्द वर्गांत राहतो व वर्ग मोडला म्हणजे मोडतो. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें, आणि लवकरच उस्मानियाचें माध्यम इंग्रजी झालें. तीस वर्षांची ती अरबी परिभाषा परभणीच्या भाषेवर एक ओरखडाही न उठवितां गेली.

म्हणून आपण निर्धास्त व्हावें असें नाहीं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीं भाषा संचालनालय निघालें, आणि त्यानें शास्त्रोशास्त्रीं परिभाषा कोश काढले. त्यांत शरीर परिभाषा कोशही आहे. काम विद्वत्तेचें आहे, यांत शंका नाहीं. रोहिणी आणि नीला हीं नांवेंच पहा: एक तांबडीवरून, एक निळीवरून, मुलाला एकदां सांगितलें कीं विसरावयाचें नाहीं. (फुप्फुसाकडून येणारी नीला लालभडक रक्त वाहते, तेथें हें नांव थोडें फसतें खरें, पण ग्रीक नांवें याहून अधिक फसलेलीं आहेत, तें पुढें येईलच.) हिंदींत याच दोघींना धमनी व शिरा म्हणतात. मध्य प्रदेशांत ऑक्टोबर २०२२ मध्यें वैद्यकाचीं हिंदी पुस्तकें निघालीं. त्यांत इंग्रजी संज्ञा बव्हंशीं नागरींत जशाच्या तशा ठेविल्या आहेत. या तडजोडीला कांहींजण हंसले. मला ती शहाणपणाची वाटते. परंतु 'आर्टरी' नागरींत लिहिल्यानें तिचा अर्थ उघडत नाहीं; मुलीचा प्रश्न शिल्लक राहतोच.

त्या प्रश्नाला मीं ताडकळसला दिलें तें उत्तर असें. हीं भयंकर नांवें ज्यांनीं ठेविलीं तींही साधीं माणसें होतीं, आणि दिसेल त्यावरून नांव ठेवीत होतीं. नडगीचें हाड पाहून रोमनांना पांवा आठवला, म्हणून 'टिबिया'. पाठीच्या कण्याचें अगदीं खालचें टोंक ग्रीकांना कोकिळेच्या चोंचीसारखें दिसलें, म्हणून 'कॉक्सिक्स'. आपल्या लोकांना तेथें शेपटाची खूण दिसली, म्हणून माकडहाड. 'मसल' हा शब्द लॅटिनमध्यें 'उंदरूं' या अर्थाचा. येथें मीं एका मुलाला दंड फुगवावयास सांगितलें आणि विचारलें, "याला काय म्हणतां?" सगळा वर्ग ओरडला, "बेडकुळी!" रोमन पोरांना कातडीखालीं उंदीर पळतांना दिसला, आपल्या पोरांना बेडूक. त्यानंतर 'मसल' शब्द कोणाला समजावून द्यावा लागला नाहीं.

पुढें जाऊन मीं त्यांना दाखविलें कीं, 'हेपॅटायटिस'मधला 'हेपॅट' आणि आपला 'यकृत्' हे भाषाशास्त्रज्ञांच्या मतें एकाच मुळाचे भाऊ आहेत; तसेंच 'स्प्लीन' आणि 'प्लीहा', 'ऑस्टिऑन' आणि 'अस्थि', 'कार्डिया' आणि 'हृद्'. मेंदूवरच्या जाड आवरणाला लॅटिनमध्यें 'ड्यूरा मेटर', म्हणजे कठोर माता, म्हणतात. हें विचित्र नांव लॅटिन पंडितांनीं अरबी ग्रंथांतून शब्दशः उचललेलें आहे. ज्या अरबीला आम्हीं परकी म्हणून पाठविलें, ती इंग्रजीच्या पोटांत दडून कॉलेजांत परत आलीच! मुलांना हें ऐकून फार मौज वाटली.

पण मुलांनीं मला अडविलेंही. एक जण म्हणाला, "मग आपले गांवचेच शब्द कां वापरूं नयेत?" प्रश्न योग्य होता. गांवचे शब्द जिवंत आहेत, पण ते एका वस्तूला बांधलेले नाहींत. 'काळीज' म्हणजे यकृतही आणि हृदयही. 'शीर' तर विचारूंच नका: शीर तुटली म्हणजे रक्त वाहिलें, शीर आखडली म्हणजे पाय वळेना, शीर दबली म्हणजे मुंग्या आल्या, वाहिनी, स्नायूची दोरी आणि मज्जातंतू, तिघांना एकच नांव. यांत खेड्याला हंसण्याजोगें कांहीं नाहीं. ग्रीकांचा 'न्यूरॉन' शब्दही मुळांत स्नायूच्या दोरीचा; पुढें तो मज्जातंतूला लागला, आणि 'ॲपोन्यूरोसिस' या नांवांत जुना घोटाळा आजही शिल्लक आहे. 'आर्टेरिया' हें तर आधीं श्वासनलिकेचेंच नांव होतें. मेलेल्या देहांत रोहिण्या रिकाम्या सांपडत, म्हणून त्यांतून वारा वाहतो असें पुष्कळ काळ मानीत. शास्त्र पुढें गेलें तें हे गुंते सोडवून एका शब्दाला एकच अर्थ बांधल्यामुळें. परिभाषा हवी ती याकरितां.

येथें घरची एक गोष्ट सांगतों, कारण हा विषय माझ्या मनाला लागला तो तिच्यामुळें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या आईला आम्हीं जवळच्या शहरांत एका दवाखान्यांत नेलें. डॉक्टर तरुण, मराठीच, हुशार आणि बोलण्यांत गोड. आई म्हणाली, "बाळा, जीव घाबरा होतो रे." त्यानें प्रेमानें विचारलें, "आजी, कशाची भीति वाटते?" आई गोंधळली. तिला भीति कशाचीच वाटत नव्हती. तिचा श्वास पुरत नव्हता, घाम येत होता, छातींत कालवत होतें, आणि या सगळ्याला तिच्या भाषेंत तेवढेच तीन शब्द होते. त्यानें मन शांत होण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. चौथ्या दिवशीं पहांटे ती हृदयविकारानें गेली. त्यानें ओळखलें असतें तर ती वांचती असें मी म्हणत नाहीं; तसें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. पण त्या तरुणाला छातींतल्या कळेचें ग्रीक नांव येत होतें, लॅटिन नांव येत होतें. आईचें नांव त्याला कोणी शिकविलें नव्हतें. मीही शेजारीं उभा होतों आणि मला दोन्ही भाषा येत होत्या, ही गोष्ट मी अजून विसरलों नाहीं.

मराठींत रोगांचीं आणि दुखण्यांचीं नांवें किती नेमकीं आहेत! घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, मुडदूस, पटकी, नारू, कावीळ. दुखणें ठणकतें, कळ मारतें, ठसठसतें, चमकतें, सलतें. या प्रत्येकांत रोगनिदानाची एक एक खूण आहे. कलकत्त्याच्या ब्रेटननें आपल्या संग्रहांत पंडितांच्या व मौलवींच्या शब्दांशेजारीं चालत्या हिंदीलाही एक रकाना दिला होता. आपल्या वर्गांतून नेमका तोच रकाना गळाला आहे.

हें सारें मीं त्या मुलांना इतक्या शब्दांत सांगितलें नाहीं. फक्त ब्रेटनच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशीं निघतांना ती प्रश्न विचारणारी मुलगी वही घेऊन आली. तिनें पानाचे चार रकाने पाडले होते: पहिल्यांत इंग्रजी नांव, दुसऱ्यांत त्याची ग्रीक-लॅटिन फोड, तिसऱ्यांत शाळेंतला मराठी शब्द, आणि चौथ्यावर लिहिलें होतें 'आजी'. आर्टरी, वेन, नर्व्ह आणि टेंडन या चार ओळींपुढें आजीच्या रकान्यांत चारही ठिकाणीं एकच शब्द होता, 'शीर', आणि बाजूला पेन्सिलीनें लिहिलें होतें, "कशी दुखते तें विचारणें."