जीपला नवे टायर आणि डिस्क निवडताना काय पाहावे?

शहापूर तालुक्याच्या पूर्व भागातील डोळखांब हे आसपासच्या पाड्यांचे बाजाराचे गाव. आजोबा डोंगराच्या पायथ्याचे डेहणे आणि घाटघर जलविद्युत प्रकल्पाच्या खालच्या धरणाचे चोंढे ही गावे याच बाजूला आहेत. इथली जीप एकाच दिवशी डांबरी रस्ता, खडी, मुरूम आणि भातखाचराच्या कडेचा चिखल अशा सगळ्यांवरून जाते. रुग्ण, शाळकरी मुले, भाताची पोती असे सगळे तिच्यात बसते. म्हणून टायर बदलताना गाडी कशी दिसेल यापेक्षा ती कुठे चालते आणि किती ओझे वाहते, हे आधी पाहावे.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

बोलेरोच्या टायरवर 215/75 आर 15 असे लिहिलेले असते. यात 215 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. 75 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, आणि 15 म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. आर हे अक्षर रेडियल बांधणीचे.

यानंतर भारांक आणि वेगाचे अक्षर येते. भारांक 95 असेल तर एक टायर 690 किलो वाहू शकतो, 104 असेल तर 900 किलो. एस अक्षर म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असू नये. प्रवासी आणि माल वाहणाऱ्या गाडीत ही अट कधीही सोडू नये.

टायर किती जुना आहे हेही कळते. बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी त्याचे रबर कडक होत गेलेले असते.

एचटी, एटी की एमटी?

एचटी टायर डांबरी रस्त्यासाठी असतात. आवाज कमी, डिझेल कमी, पण चिखलात नक्षी लगेच भरून जाते. एमटी टायरची बटणे मोठी आणि त्यांतील फटी रुंद असतात, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. मात्र ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागते आणि आवाजही होतो. एटी हा मधला मार्ग.

पाड्यापर्यंत रोज जायचे, पण निम्म्याहून अधिक धाव शहापूर, मुरबाड किंवा मुंबई-नाशिक महामार्गावर असेल, तर एटी पुरतो. आवणीच्या दिवसांत रोज चिखलातूनच वाट असेल तरच एमटीचा विचार करावा. सह्याद्रीचा काळा दगड धारदार असतो, त्यामुळे बाजूची भिंत मजबूत असलेला टायर निवडणे फायद्याचे ठरते.

मोठा टायर लावला तर काय बदलते?

215/75 आर 15 च्या चाकाचा व्यास 703.5 मिलिमीटर होतो. त्याच डिस्कवर 235/75 चा टायर लावला तर व्यास 733.5 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 4 टक्के जास्त. मीटरवर 60 दिसत असताना गाडी प्रत्यक्षात साधारण 62.6 च्या वेगाने धावते. जमिनीपासूनची उंची 15 मिलिमीटर वाढते, पण चढावर ओढ कमी होते आणि ब्रेकवर ताण येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का, तेही गाडी भरलेली असताना पाहावे.

स्टेपनी त्याच मापाची हवी. फोर बाय फोर गाडीत पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर लावून ती गिअरमध्ये चालवल्यास ट्रान्सफर केसला धोका असतो.

डिस्क निवडताना

नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळलाच पाहिजे. जिम्नीत 5 भोके आणि 139.7 मिलिमीटर असे हे माप आहे. मधल्या भोकाचे माप, नटांच्या बसण्याचा आकार आणि ऑफसेटही पाहावा. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येते, गाडी रुंद दिसते, पण बेअरिंग आणि स्टिअरिंगवर जास्त भार पडतो.

अलॉय हलके आणि देखणे असतात, पण दगडावर आपटून तडकले तर खेड्यात दुरुस्त होत नाहीत. लोखंडी डिस्क वाकली तर ती बऱ्याचदा ठोकून तात्पुरती चालू करता येते. पाड्यावर जाणाऱ्या गाडीला लोखंडी डिस्क जास्त सोयीची.

नवी चाके लावल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

हवा, कायदा आणि विमा

चिखलात हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. 18 ते 20 पीएसआयच्या खाली सहसा जाऊ नये, नाहीतर ट्यूबलेस टायर डिस्कवरून सुटू शकतो. डांबरावर परतण्यापूर्वी कंपनीने सांगितलेली हवा भरावी, म्हणून पंप गाडीत असावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. मूळ तपशिलात बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला दिलेले माप घेणे सुरक्षित. उदाहरणार्थ, 2020 च्या थारमध्ये 245/75 आर 16 आणि 255/65 आर 18 ही दोन्ही मापे आली. त्याबाहेर गेल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. टायरवर आयएसआय खूण असावी आणि नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलावा.

शेवटचा मुद्दा : कितीही चांगला टायर असला तरी भातखाचराचा बांध आणि राखीव जंगल हे रस्ते नाहीत. एका चाकाने फुटलेला बांध शेतकऱ्याचे पाणी आणि आवणी दोन्ही घालवतो.