मेमरी संपली, आता कोणाला मारायचं?

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा इथेच घडवलेला संगणक सुरू झाला. त्याची मेमरी होती ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबात १० केबी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘शुभ सकाळ’चा फोटोही त्यात मावणार नाही. पण मेमरी संपली तर कोणाला मारायचं, हा प्रश्न त्या यंत्रापुढे नव्हता. प्रोग्रॅम मेमरीत बसवायची काटकसर माणसाने आधीच कागदावर उरकलेली असायची.

उधारी नंतर आली. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅटलस यंत्राने फिरता चुंबकी ड्रमही मेमरीच असल्याचं भासवलं. प्रोग्रॅमला वाटायचं जागा भरपूर आहे. प्रत्यक्षात पानं आतबाहेर होत राहायची. ही ये-जा फार वाढली की यंत्र पानंच हलवत बसतं, काम होत नाही. १९६८ मध्ये पीटर डेनिंगने या दुखण्याचं नीट निदान केलं. त्याचं नाव थ्रॅशिंग.

लिनक्स आणखी पुढे गेला. प्रोग्रॅम मागेल त्या मेमरीला तो बहुतेकदा आधी ‘हो’ म्हणतो, कारण मागणारे सगळी वापरत नाहीत. लग्नाच्या हजार पत्रिका वाटून जेवण सहाशे पानांचं सांगतात, तसंच. पण हजारच्या हजार आले तर?

त्यावर रिक व्हॅन रीलने १९९८ च्या सुमारास ‘ओओएम किलर’ लिहिला. प्रत्येक प्रोसेसला गुण द्यायचे, सगळ्यांत जास्त गुण मिळवणारीला मारायचं. मूळ हिशेब मला फारच माणसासारखा वाटतो. मेमरी जास्त खाल्ली की गुण जास्त, पण बराच काळ चालत आलेलीला सूट, आणि ‘रूट’ची म्हणजे मालकाची प्रोसेस असेल तर गुण पावपट. ज्येष्ठता आणि वशिला! २०१० मध्ये हे सूत्र नव्याने लिहिलं गेलं. आता मुख्यतः कोणी किती मेमरी धरून ठेवली आहे तेवढंच बघतात. सूत्र सोपं झालं, न्याय झाला असं नाही. सर्व्हरवर सगळ्यांत मोठी प्रोसेस बहुधा डेटाबेसची असते, आणि सर्व्हर घेतलेला असतो तिच्यासाठीच. मारायचा हुकूम, ‘सिगकिल’, कोणत्याही प्रोसेसला अडवता येत नाही. हातातलं काम सेव्ह करायलाही सवड नाही. लॉगमध्ये काही ओळी उरतात.

अँड्रॉइडने मेमरी पूर्ण संपायची वाटच पाहिली नाही. ती कमी पडू लागली की मागे निवांत पडलेली अ‍ॅप्स आधी जातात, स्क्रीनवरचं सगळ्यांत शेवटी. मेलेलं अ‍ॅप आपली स्थिती जपून पुन्हा उघडेल, वापरणाऱ्याला कळणारही नाही, असा त्यामागचा विचार. ८ जीबीच्या फोनवर खरंच कळत नाही. पण कर्वे रस्त्यावर २ जीबीचा फोन घेऊन थांबलेल्या डिलिव्हरीवाल्याचं काय? त्याने नकाशा उघडला की ऑर्डरचं अ‍ॅप मागे गेलं. म्हणून तर अशी अ‍ॅप्स वरच्या पट्टीत कायम एक नोटिफिकेशन लटकवून ठेवतात: मी मागे असलो तरी कामात आहे, मला हात लावू नका. सिस्टीम ते मानतेही, पण जागा अगदीच उरली नाही तर त्यांचाही नंबर लागतो. मग अ‍ॅप पुन्हा उघडायचं. स्क्रीनवर गोल फिरत राहतो आणि तोवर सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवू लागतात.