तुणतुण्याची तार

नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, पूर्वी निजामाच्या मुलखाला लागून असलेल्या जामखेड तालुक्याचा उल्लेख इतिहासाच्या ग्रंथांत बहुधा दोन कारणांनी येतो: 1725 साली मौजे चौंडी येथे अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला म्हणून, आणि 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याच्या रणांगणात मराठ्यांनी निजामाचा पराभव केला म्हणून. लावणीच्या शौकिनांस मात्र जामखेड आठवते ते तेथील कलाकेंद्रांमुळे. खर्ड्याच्या विजयाचे पोवाडे शाहिरांनी रचले आणि ते आज छापील संग्रहांत वाचावयास मिळतात. परंतु ज्या तुणतुण्यावर ते गायिले गेले असतील त्याची तार कशाची होती, ती कोठून येई आणि तुटल्यावर कोण बदली, याची नोंद ठेवावी असे ना बखरकारास वाटले, ना कोणत्या कारकुनास.

तुणतुण्याची रचना पाहिली तर त्यात लपविण्यासारखे काहीच नाही. लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याचे वरचे तोंड उघडे, खालच्या तोंडावर चामडे, बाजूस ठोकलेली काठी आणि काठीच्या शेंड्याला एकच खुंटी. तार बदलावयाची म्हणजे खुंटी सैल करून जुनी तार सोडवावयाची; नव्या तारेचे एक टोक चामड्याबाहेर एखाद्या चकतीस बांधावयाचे, म्हणजे ताण पडल्यावर चामडे फाटत नाही; दुसरे टोक चामड्याच्या मधल्या छिद्रातून, नळकांड्याच्या पोटातून वर काढून खुंटीस गुंडाळावयाचे आणि ढोलकीशी सूर जुळेपर्यंत पिळावयाचे. नवी तार प्रथम ताणली जाते आणि स्वर उतरतो. पावसाळी हवेत चामडे सैलावले की पुन्हा उतरतो. त्यामुळे तुणतुणेवाल्याचा एक हात खुंटीपासून फार लांब गेलेला परवडत नाही.

तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि जाडी यांवर अवलंबून असतो, हा नियम फ्रान्समधील मर्सेन याने 1636 साली ग्रंथात मांडला. आखूड वाद्यातून खर्ज हवा असेल तर तार जाड आणि ढिली ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, हे यल्लम्माच्या जोगत्यांना कोणाच्या ग्रंथावाचून ठाऊक होते. त्यांच्या चौंडके या वाद्याला आतड्याची जाड तांत असते, आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही तांतच लागे. हीच युक्ती परदेशीही दिसते. मदेराहून 1879 साली हवाई बेटांवर उतरलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या वाद्यातून युकुलेले हे छोटे तंतुवाद्य निघाले. त्याचा जो चिमुकला खर्जाचा प्रकार अलीकडे निघाला आहे, त्यावर रबरासारख्या जाड तारा चढवतात, आणि त्याही नव्या असताना दिवसचे दिवस ताणत राहतात.

आमच्याकडे धातूची तार ओढणारे तारकश होतेच. येवले-पैठणच्या जरीचा सारा डौल त्यांच्या हातावर उभा होता. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड-जर्मनीत पियानोसाठी पोलादी तार निघू लागली, आणि 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून गेल्यावर असला परदेशी माल जिल्ह्याच्या पेठेपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. जामखेडास आगगाडी अद्यापि नाही. तेथवर आलेली प्रत्येक वस्तू बैलगाडीने, नाहीतर मोटारीने आली. तारेच्या बाबतीत हा प्रवास कोणाच्या जमाखर्चात सापडेल, असे मला वाटत नाही.

याच जिल्ह्यातील संगमनेरचे अनंत फंदी (1744–1819) हे तमाशाचे नामांकित शाहीर. अहिल्याबाईंनी कानउघाडणी केली आणि त्यांनी डफ-तुणतुणे टाकून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा कोणी ठरवावा! मला त्यात मौज वाटते ती एवढीच की, शाहिराने रंगभूमी बदलली, श्रोते बदलले, पण तारेपासून त्याची सुटका झाली नाही. कीर्तनातही सूर धरावयास वीणा किंवा तंबोरा लागतोच. सप्ताहात वीणा भुईवर ठेवावयाची नाही, ती वीणेकऱ्याने वीणेकऱ्याच्या हाती द्यावयाची, असा दंडक आहे. तुणतुण्याच्या वाट्यास असला मान कधी आला नाही, जरी तत्त्व एकच: गाणाऱ्याने सोडला तरी सूर सुटता कामा नये.

तंतुवाद्यांचा इतिहास आम्ही लिहितो तो कारागिरांचा. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून पटवर्धनांच्या आश्रयाने सतार-तंबोरे घडविले, हे सर्वश्रुत आहे. 2024 साली त्या वाद्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले, ते योग्यच झाले. पण मिरजेच्या तंबोऱ्यालाही खर्ज देते ती पितळेची जाड तार, आणि ती झिजली की भोपळा कितीही उत्तम असो, आवाज बसतो. तार ही टाकून देण्याची वस्तू ठरल्यामुळे तिचा दाखला मागे उरत नाही. म्हणून ज्यांच्या घरी, फडात वा देवळात आजोबांचे तुणतुणे, चौंडके किंवा वीणा असेल त्यांनी पुढच्या वेळी तार बदलताना एवढे करावे: जुनी तार फेकू नये, ती गुंडाळून कागदात बांधावी, आणि कागदावर वाद्याचे नाव, गाव व साल लिहून ठेवावे.